विंडोज, मॅक की लिनक्स? आधी तुमच्या कामाची भाषा बघा

पीयूसी म्हणजे बारावी झाली, सीईटीची रँक आली, आता पोरीला लॅपटॉप घ्यायचाय, कुठला घेऊ सांग की. पाऊस सुरू व्हायच्या आसपास असे फोन मला यायला लागतात, आणि विंडोज टेन बंद झाल्यापासून त्यात दुसऱ्या फोनांची भर पडलीय, आमचं मशीन आता टाकायचं काय म्हणून. मी बेळगावच्या शहापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, वीसेक वर्षं झाली. फोनवर प्रत्येकाला अर्धा अर्धा तास तेच सांगून झाल्यावर वाटलं, एकदा नीट लिहूनच काढूया, म्हणजे दुकानात गेल्यावर समोरचा जे बोलेल त्याला नुसतं होय होय म्हणायची पाळी येणार नाही.

लोक विचारतात तिघांत चांगला कुठला. मी उलट विचारतो की त्यावर काम कुठलं करणार, आणि ते काम कुठल्या भाषेत चालतं. आता कामाची भाषा म्हणजे काय ते सांगतो, आपल्या बेळगावच्या माणसाला हे पुण्या-मुंबईवाल्यापेक्षा लवकर कळेल, कारण लिपी वेगळी आणि भाषा वेगळी हे आपण रोज डोळ्यांनी बघतो. कोकणी घ्या. गोव्याच्या शाळेत ती देवनागरीत शिकवतात, मंगळूरकडं कन्नड लिपीत लिहितात, ख्रिस्ती लोक रोमन लिपीतही लिहितात. भाषा एकच, पण ज्याला कन्नड लिपी येत नाही त्याला मंगळूरचं पान बंदच. उलट कन्नड वाक्य देवनागरीत लिहून दिलं तर कुणीही घडाघडा वाचेल, अर्थ कळेलच असं नाही. कॉम्प्युटरमध्येही नेमक्या ह्याच दोन गोष्टी असतात, प्रोसेसर म्हणजे लिपी आणि ऑपरेटिंग सिस्टीम (विंडोज, मॅक, लिनक्स ही तिचीच नावं) म्हणजे भाषा, आणि प्रोग्राम चालायचा तर दोन्ही जुळावं लागतं.

इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर ज्या लिपीत चालतात तिला एक्स-८६ म्हणतात, १९७८ च्या इंटेल ८०८६ ह्या चिपपासून ती चालत आलीय. दुसरी लिपी एआरएम, तुमच्या मोबाईलमध्ये तीच असते, आणि २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलनं एम-वन हा स्वतःचा प्रोसेसर आणला तेव्हापासून मॅकमध्येही तीच आहे.

आता भाषा. प्रोग्राम स्वतः उठून हार्ड डिस्कला हात लावत नाही, प्रिंटरला लावत नाही, मेमरीसुद्धा स्वतःच्या मर्जीनं घेत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे अर्ज करतो, ही फाईल उघडून द्या, एवढी जागा द्या, हे पान छापा, आणि सिस्टीम बघते की कुणाचा नंबर आहे, ह्याला परवानगी आहे काय, मग काम करून देते. असे अर्ज सेकंदाला हजारांनी चाललेले असतात, आपल्याला पडद्यावर फक्त शेवटचा निकाल दिसतो. विंडोजचा प्रोग्राम विंडोजच्या भाषेत अर्ज लिहितो. तोच अर्ज लिनक्सच्या खिडकीत नेऊन दिला तर तो परत येणार, अर्जात चूक आहे म्हणून नव्हे, खिडकीतल्या माणसाला ती भाषा वाचता येत नाही म्हणून.

मग मध्ये कुणीतरी लागतो. आपल्याकडं कचेरीच्या बाहेर टेबल मांडून बसलेला माणूस असतो बघा, आपण मराठीत सांगायचं आणि तो कन्नडात फॉर्म भरून द्यायचा. लिनक्सवर तसाच एक आहे, वाईन नावाचा, १९९३ पासून त्याचं काम चाललंय, विंडोजच्या भाषेतला अर्ज घेऊन लिनक्सच्या भाषेत लिहून देणं. साधा प्रोग्राम असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही, पण किचकट असेल तर कुठंतरी एक ओळ चुकते आणि ऐन बिलाच्या वेळी प्रोग्राम बंद पडतो. मॅकवर रोझेटा नावाचा जो आहे तो भाषा बदलत नाही, फक्त लिपी बदलून देतो, म्हणजे जुन्या इंटेल मॅकसाठी बनवलेला प्रोग्राम एम-वनला वाचता येईल असा करून देतो. हा फरक डोक्यात बसला की अर्धी लढाई झाली. "प्रोसेसर चांगलाय, मग माझं सॉफ्टवेअर का चालत नाही" असं कुणी म्हटलं तर समजायचं की लिपी जुळलीय, भाषा जुळलेली नाही.

एवढ्या भाषा झाल्या कशा, तेही थोडं बघायला पाहिजे, कारण आजच्या किमती आणि दुरुस्त्या सगळ्या त्यातनंच आल्यात. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमनं पर्सनल कॉम्प्युटर काढला. त्यांना घाई होती, म्हणून सगळं घरी न बनवता बाहेरचे पार्ट घेतले, प्रोसेसर इंटेलचा, डॉस नावाची ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची, आणि ती डॉस दुसऱ्यांनाही विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टनं स्वतःकडं ठेवला. आयबीएमचं खास असं त्यात राहिलं फक्त बायोस, म्हणजे मशीन चालू होताना पहिल्यांदा जागं होतं ते छोटं सॉफ्टवेअर. कॉम्पॅक कंपनीनं १९८२ मध्ये नक्कल न करता तसंच चालणारं स्वतःचं बायोस लिहून काढलं आणि दार उघडलं, मग त्यामागून ढिगानं कंपन्या आल्या. मी आज गल्लीत बसून कॅबिनेट एकाचं, बोर्ड दुसऱ्याचं, रॅम तिसऱ्याची असं असेंबल करून देतो त्याचं मूळ तिथं आहे.

ॲपलनं उलटं धरलं. २४ जानेवारी १९८४ ला मॅकिंटॉश आला, माऊस, खिडक्या, चित्रं, सगळं देखणं, पण मशीनही आमचंच आणि सिस्टीमही आमचीच. मध्ये १९९५ ला त्यांनी दुसऱ्या कंपन्यांना मॅकसारखी मशीनं करायला परवानगी दिली होती, १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स परत आल्यावर ती बंद केली. तिसरा रस्ता १९९१ चा. हेलसिंकीत शिकणाऱ्या लायनस टॉरव्हाल्ड्सनं लिनक्सचा गाभा लिहिला आणि लोकांना उघडा करून दिला, रिचर्ड स्टॉलमननं १९८३ पासून चालवलेल्या ग्नू प्रकल्पाची हत्यारं त्याला जोडली गेली, आणि कुणीही वाचावी, बदलावी, वाटावी अशी एक पुरी सिस्टीम उभी राहिली. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आत तोच लिनक्सचा गाभा आहे, म्हणजे लिनक्स अवघड असतं म्हणणारा माणूस ते दिवसभर खिशात घेऊन फिरतोय.

आता एकेकाकडं येऊ. विंडोजची खरी ताकद तिच्या दिसण्यात नाही, तिच्या भाषेत लिहिणाऱ्यांच्या संख्येत आहे. हिशेबाचं टॅली घ्या, कंपनी आपल्या बेंगळूरूची, पण प्रोग्राम विंडोजचा. उद्यमबागेत पॅटर्न आणि पार्टची ड्रॉइंगं ज्या सॉलिडवर्क्सवर होतात ते फक्त विंडोजवर. टेंडर भरायला डिजिटल सहीचं जे यूएसबी टोकन लागतं त्याचा ड्रायव्हर विंडोजवर नक्की असतो, बाकीकडं आधी विचारून घ्यावं लागतं. कन्नड गणक परिषदेचं नुडी, ज्यावर इथं सरकारी कन्नड टायपिंग चालतं, तेही विंडोजवरच वाढलेलं. त्यामुळं रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याला मी कधीही लिनक्स घाला म्हणून सांगत नाही, फुकट मिळतं म्हणूनसुद्धा नाही.

पण विंडोज टेनचं जे झालं त्याबद्दल नीट समजून घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा सपोर्ट संपला. म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही, दुसऱ्या दिवशीही ते तसंच चालू झालं. संपलं ते हे, की सिस्टीममध्ये नवीन भोक सापडलं तर ते बुजवणारा अपडेट आपोआप येणार नाही. नाव नोंदवलं तर घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, तेवढी सवड आहे. विंडोज इलेव्हनवर जायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे आणि प्रोसेसर इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचा कितवा आहे ते नावातच असतं, आय-फाईव्हच्या पुढचा आकडा ६५०० असेल तर सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी. मशीन तुमच्यापुढं असेल तर आत्ताच बघून घ्या. आडवळणानं इलेव्हन बसवून देणारे मिळतात, पण पुढं एखादा अपडेट अडला की त्याला कुणी वाली नसतो, मी बँकेचं आणि हिशेबाचं काम असलेल्या मशीनवर तसं करत नाही.

आमच्या ओळखीतले एक अण्णा आहेत, किराण्याचा ठोक धंदा. त्यांचं मशीन सहाव्या पिढीचं, त्यावर टॅली आणि दहा वर्षांचा डाटा. त्यांना मी सरळ नवीन मशीन घ्या म्हणालो, आणि जुनं टाकू नका म्हणालो. ते जुनं मशीन आता त्यांच्या नातवाकडं आहे, ३२०० रुपयांची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, आणि लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार घालून, यूट्यूब, शाळेचे पीडीएफ, पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला शिकणं, सगळं चालतंय. जुन्या मशीनला हार्ड डिस्क काढून एसएसडी घालणं ह्याच्याएवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही, विंडोज असो नाहीतर लिनक्स, आधी ते करा आणि मग मशीन हळू चालतं की काय ते ठरवा.

मॅकबद्दल लोक एक तर फार हळवे होतात नाहीतर रागावतात. मी दुरुस्तीच्या बाजूनं सांगतो. मशीन आणि सिस्टीम एकाच हाताची असल्यामुळं बॅटरी भरपूर टिकते, एम-वननंतरच्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही, आवाज नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ एडिट करणाऱ्या पोरांना त्याचा वेग खरंच उपयोगी पडतो. आयफोनचं ॲप बनवायचं असेल तर त्यासाठी लागणारा एक्सकोड हा प्रोग्राम फक्त मॅकवरच आहे, तिथं दुसरा पर्याय नाही. पण रॅम बोर्डवरच चिकटलेली, पुढं वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच पुरेशी घ्यायची, जुना ८ जीबीवाला स्वस्तात मिळतोय म्हणून एडिटिंगसाठी उचलू नका. आणि सेकंडहँड इंटेल मॅक तर आता घेऊच नका. २०२५ मधली टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची सिस्टीम, असं ॲपलनंच जाहीर केलंय.

इथं एक प्रसंग सांगतो, कारण तो वारंवार होतो. खानापूरकडचं लग्न, शूटिंगवाल्यानं मॅकवर एडिट करून हार्ड डिस्क दिली, घरी विंडोजला लावली तर "फॉरमॅट करायचं काय" म्हणून विचारतंय, आणि पोरगं होय दाबणार तेवढ्यात त्याच्या आईनं मला फोन लावला. डिस्क चांगली होती, व्हिडिओ आत होता, फक्त डिस्कवर फाईली मांडायची पद्धत मॅकची होती आणि विंडोजला ती वाचता येत नव्हती. विंडोजची पद्धत एनटीएफएस, ती मॅक वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही. जुनी फॅट-३२ सगळीकडं चालते पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही, म्हणून पेन ड्राईव्हमध्ये जागा असूनही लग्नाचा पिक्चर जात नाही. देण्याघेण्याची डिस्क एक्सफॅटमध्ये करून ठेवा, तिन्हीकडं वाचतंय आणि लिहितंय. आणि असा प्रश्न पडद्यावर आला तर कधीही होय म्हणू नका, आधी विचारा.

लिनक्सबद्दल भीती घालवायची असेल तर ते बसवायचंच नाही, नुसतं पेन ड्राईव्हवरनं चालवून बघायचं. मिंट किंवा उबुंटू ह्या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराची फाईल उतरवायची, रुफससारख्या छोट्या प्रोग्रामनं पेन ड्राईव्हवर चढवायची, मशीन त्यावरनं चालू करायचं. तुमच्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय धरतं काय, आवाज येतो काय, आणि मुख्य म्हणजे तुमचा प्रिंटर छापतो काय एवढं बघा, कारण काही स्वस्त लेझर प्रिंटर असे असतात की छापायचं डोकं प्रिंटरमध्ये नसून ड्रायव्हरमध्ये असतं, आणि तो ड्रायव्हर लिनक्ससाठी कुणी लिहिलेलाच नसतो. ह्या तीन गोष्टी चालल्या तर ब्राउझर, पत्रं, हिशेबाची शीट एवढंच काम असणाऱ्या घराला मी मनापासून लिनक्स सुचवतो. मिंटला कमीत कमी २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर बरं. केरळच्या सरकारी शाळांनी कितीतरी वर्षांपूर्वी हाच रस्ता धरला आणि तिथली पोरं त्यावरच शिकली.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो ते. आपल्याकडं मराठी आणि कन्नड दोन्ही लागतं, आणि सिस्टीम निवडताना हे कुणी विचारतच नाही. जुनी डीटीपीची कामं बघा, लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, सोसायटीचे अहवाल, सगळं जुन्या फॉन्टात. त्या फॉन्टांची युक्ती अशी की कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त फॉन्टमध्ये त्यांच्यावर मराठीचं चित्र काढलेलं असतं. फॉन्ट असलेल्या मशीनवर "श्री गणेशाय नमः" दिसतं, दुसरीकडं उघडलं की टिंबं, कंस आणि उलटेसुलटे इंग्रजी एबीसी. माझ्या एका अक्काकडं महिला मंडळाचा पंधरा वर्षांचा हिशेब आणि इतिवृत्तं अशा फाईलींत होती, मशीन बदललं, आणि रात्री पावणेदहाला तिचा फोन, "बाळू, सगळं पुसलं गेलं रे." काहीच पुसलं नव्हतं. एक जुना कीबोर्ड, तो फॉन्ट आणि एक कन्व्हर्टर घेऊन दोन रविवार बसून आम्ही ते युनिकोडमध्ये आणलं, ऱ्या, ळ आणि रफार जिथं जिथं चुकले ते तिनं चष्मा लावून एकेक दाखवले.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर, त्यामुळं फॉन्ट बदलला तरी अक्षर बदलत नाही, आणि ती फाईल विंडोज, मॅक, लिनक्स, मोबाईल कुठंही उघडा. विंडोजमध्ये देवनागरीसाठी हे २००० सालच्या आवृत्तीपासून आलं, एक्सपीमध्ये सीडी घालून वेगळं चालू करावं लागायचं, आता तिन्ही सिस्टीमांत आधीपासूनच असतं. म्हणून मी म्हणतो की सिस्टीम कुठलीही घ्या, पण लिहिणं युनिकोडमध्ये ठेवा, म्हणजे उद्या दुसरीकडं जायचं झालं तर तुमचं तुम्हाला उचलून नेता येतं.

आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. तोही तिन्हीकडं मिळतो. त्याची गंमत आपल्या भागासाठीच केल्यासारखी आहे. भारतीय भाषांची वर्णमाला एकाच साच्याची, म्हणून इनस्क्रिप्टनं सगळ्या लिपींना शक्य तिथं एकाच कळा दिल्या. के च्या कळीवर मराठीत क, कन्नड लावलं की कन्नड क. पुतणीला मी हे दाखवत होतो. मराठी लावून तिनं बेळगाव टाईप केलं, वाय, एस, शिफ्ट धरून एन, आय, ई, बी. मग कन्नड लावलं आणि बेळगावि टाईप करायला सांगितलं. ब, ळ, ग, काना, व ह्या पाचही कळा त्याच, कन्नडातल्या ऱ्हस्व ए ला तेवढी वेगळी कळ आणि शेवटी एक वेलांटी जास्त. ती दोन मिनिटं नुसती कळफलकाकडं बघत बसली. तेवढ्यात वहिनी आतनं ओरडल्या, "काय करुलालास गं, जेवायला ये की!" तरी उठेना, मग तिनं खानापूर, निपाणी, चिकोडी सगळी नावं दोन्ही लिपींत काढून बघितली.

तिला लॅपटॉप शेवटी विंडोजचा घेतला. मेकॅनिकलला नंबर लागलाय, सॉलिडवर्क्स लागणार, तिथं वाद नव्हता. दुकानात आम्ही झाकणाचा रंग बघितला नाही, खालची प्लेट उघडता येते काय आणि रॅमचा दुसरा खण रिकामा आहे काय ते विचारलं. होता. १६ जीबी आत्ता, दुसऱ्या खणात पुढच्या वर्षी गरज लागली तर. डिस्कवर मिंटसाठी ६० जीबी जागा मी बाजूला काढून दिलीय, आणि मराठी व कन्नड दोन्ही कीबोर्ड तिनं स्वतःच लावून घेतलेत.